ड्राफ्ट: सहाव्या नंबरावर कीपर की स्टॉपर?

रेडीबंदर · शुक्रवार, रात्री ९:१०

जिल्ह्याच्या फुटबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे यादीतून पाळीपाळीने खेळाडू उचलायच्या क्रमासाठी, चिठ्ठ्या निघाल्या. पहिले पाच क्रमाने सावंतवाडी, देवगड, शिरोडा, कणकवली, बांदा. सहावे आपण म्हणजे वेंगुर्ला, सातवा कुडाळ, आठवा मालवण. रिटेन (राखलेल्या खेळाडूंची) यादी द्यायची मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत, ड्राफ्ट परवा सकाळी.

नवीन मंडळींसाठी नियम एकदाच. संघ १८ जणांचा. तिघे मागच्या मोसमातले राखता येतात, बाकी १५ ड्राफ्टमधून. क्रम सापासारखा वळतो: पहिली फेरी १ ते ८, दुसरी ८ ते १, तिसरी पुन्हा १ ते ८. म्हणून आपल्या वाट्याचे नंबर ६, ११, २२, २७, ३८, ४३, ५४, ५९, ७०, ७५, ८६, ९१, १०२, १०७ आणि ११८. मैदानावरच्या अकरांत किमान दोघे २१ वर्षांखालचे हवेत, जिल्ह्याबाहेरचे एका वेळी जास्तीत जास्त दोन. एका नावाला ९० सेकंद.

खेळाडूंची नावं लिहू नका, यादीतल्या क्रमांकाने बोला. की म्हणजे कीपर, ब बचाव, म मधली फळी, आ आघाडी. पोरं हे वाचतात, त्यांच्या घरचेही वाचतात.

आपल्याकडे कीपर नाही, भरवशाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटूही नाही. यादीत कीपर अकरा आहेत, पण त्यांतले खरे चार: की-३, की-१, की-८, की-६. स्टॉपर दोनच: ब-९ आणि ब-२. ६ला कोण?

तांबडीमाती · ९:३२

की-३. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आपलं मैदान पूर्व-पश्चिम. जानेवारीत सकाळी मतलई, दुपारनंतर खारे वारे, आणि आपले सामने चारला. वायव्य-पश्चिमेचा वारा अंगावर असताना पश्चिमेकडे मारलेला गोलकिक मधल्या रेषेपर्यंत जाऊन तिथेच लटकतो. उलट बाजूला क्रॉस आला की चेंडू शेवटच्या दोन मीटरमध्ये वळतो. की-६सारखा रेषेवर चिकटून राहणारा कीपर तिथे खलास. सहा यार्डांच्या पेटीतला चेंडू स्वतःचा मानून बाहेर येणारा हवा. तसे तिघेच आहेत, ३, १ आणि ८, आणि त्यांत ३ सगळ्यात उंच.

दुसरं, २०२५-२६च्या नियमावलीत कीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. पंच शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. वाऱ्यात कीपरला झोत ओसरेपर्यंत थांबायची सवय असते. ती आता महागात पडणार. लांब किक न मारता चटकन हाताने बाजूच्या बॅककडे फेकणारा पाहिजे. की-३ची फेक चांगली आहे, की-१ची त्याहून सपाट आहे.

स्टॉपर५ · ९:५०

२०१७च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) ड्राफ्टमध्ये जमशेदपूरने पहिलं नाव कोणाचं घेतलं? अनस एडाथोडिका. सेंटर बॅक. किंमत १ कोटी १० लाख, युजीनसन लिंगडोहच्या बरोबरीने त्या यादीतली सगळ्यात जास्त. अख्खी यादी समोर असताना नव्या क्लबने आधी भिंत बांधली.

आपल्या लाल मातीवर तर हे दुप्पट लागू. जानेवारीपर्यंत मैदान जांभ्यासारखं कडक होतं, पहिला टप्पा डोक्यावरून जातो. गोल कुठून होतात ते आठवा. लांब चेंडू येतो, स्टॉपर टप्प्याच्या जवळ उभा असतो, चेंडू उसळून त्याच्या मागे पडतो आणि स्ट्रायकर एकटा. ब-९ चेंडू हवेत असतानाच चार पावलं मागे जातो. हे शिकवून येत नाही असं मी म्हणणार नाही, पण तीन आठवड्यांत येत नाही.

खवणेकर · १०:०४

आणि भिंत बांधून जमशेदपूर कितवं आलं? पाचवं. पहिल्या चारात नाही. त्याच मोसमात गोव्याचा स्ट्रायकर कोरोमिनास याने १८ गोल ठोकले आणि गोवा वर गेलं.

स्टॉपर५ · १०:०९

कोरोमिनास ड्राफ्टमधून आला नव्हता. परदेशी खेळाडूंच्या सह्या वेगळ्या होत होत्या, ड्राफ्ट फक्त भारतीयांचा होता. उदाहरण देताना नीट द्या राव.

खवणेकर · १०:१५

मान्य, पण मुद्दा तोच. आ-४कडे कोणी बघत नाही. पेडण्याचा आहे, दोन्ही पायांनी मारतो.

रेडीबंदर · १०:२२

आ-४ जिल्ह्याबाहेरच्या कोट्यात. बाहेरचे दोनच मैदानात उतरतात, त्यामुळे असे तीनपेक्षा जास्त उचलण्यात अर्थ नाही. चौथा नुसता बाकावर. शिवाय गोव्यातल्या क्लबकडे त्याची सीआरएसवर (फुटबॉल महासंघाच्या खेळाडू नोंदणीत) नोंद असेल तर त्या क्लबचं ना-हरकत पत्र लागेल. पत्र नसताना ६ नंबर त्याच्यावर उधळायचा नाही.

नारळीपाक · १०:४०

बा देवा म्हाराजा!
होय म्हाराजा!
आज ही वेंगुर्ल्याची पोरां चिठयेचो सहावो नंबर घेवन तुझ्या पायाकडे उभी आसत, म्हाराजा!
होय म्हाराजा!
तेंका क्रॉसाक भायर येणारो कीपर गावांदे, टप्पो वळखणारो स्टॉपर गावांदे, आणि मालवणवाल्यांची मती आठ आणि नऊ नंबराक फिरांदे, म्हाराजा!
होय म्हाराजा!

भरतीओहोटी · ११:०५

नारळीपाकाने गंमतीत बरोबर जागेवर बोट ठेवलं. आठ आणि नऊ.

६ आणि ११ यांच्या मध्ये चारच नावं जातात. ७ आणि १० कुडाळची, ८ आणि ९ मालवणची. म्हणजे पहिल्या नावापासून दुसऱ्या नावापर्यंत आपल्या तोंडचा घास पळवू शकणारे संघ फक्त दोन. बाकी पाचांना काय हवं याच्याशी त्या वेळेपुरतं देणंघेणं नाही. पण ११ नंतर २२ पर्यंत दहा नावं जातात, पाच संघांची प्रत्येकी दोन. तिथे थांबलात तर काहीही उरणार नाही.

म्हणून ६ आणि ११ ही एक जोडी समजा. जोडीत एक कीपर आणि एक स्टॉपर येणारच आहे. प्रश्न फक्त कोण आधी एवढाच. त्याचं उत्तर 'कोण जास्त चांगला' यात नाही. जो प्रकार आधी संपेल तो आधी घ्यायचा. खरे स्टॉपर दोन, खरे कीपर चार. तिसऱ्या स्टॉपरवर गेलात तर ब-१७, आणि तो मुळात राइटबॅक.

कीपर कोणाला हवाय तेवढं मोजा. सावंतवाडी, देवगड, कणकवली आपापले राखणार असं दिसतंय. मालवणचा कीपर नोकरीला मुंबईला गेला, त्यांना हवाच. शिरोड्याला हवा. बांदा आणि कुडाळचं उद्या कळेल. म्हणून उद्या सहा वाजेपर्यंत ही चर्चा अर्धीच.

तांबडीमाती · ११:२०

हिशेब बरोबर, पण चारही कीपर सारखे धरू नका. की-६ला मी खरा मानतच नाही.

दांडेश्वर · शनिवार, सकाळी ७:४५

रिटेनचं काय? आपल्याकडे चौघे आहेत आणि जागा तीन. मधल्या फळीतला कप्तान, राइट विंगर, २१ खालचा लेफ्टबॅक आणि ३४ वर्षांचा स्ट्रायकर. स्ट्रायकरने मागच्या मोसमात सगळ्यात जास्त गोल केलेत, त्याला सोडणार का?

भरतीओहोटी · ८:१०

सोडायचा. राखायचा तो सगळ्यात चांगला नव्हे, सोडला तर सगळ्यात आधी जाईल तो. ३४ वर्षांच्या स्ट्रायकरला पहिल्या चार फेऱ्यांत कोणी हात लावत नाही. ५४ला, फार तर ४३ला आपल्यालाच परत मिळेल. तोच २१ खालचा लेफ्टबॅक सोडला तर पहिल्या दहात गेला म्हणून समजा.

२१ खालच्यांचा नियम लोक हलक्यात घेतात. दोघे मैदानात हवेत, आणि बदली करतानाही. एकाचा घोटा मुरगळला आणि बाकावर तिसरा नसेल तर दहा जणांत खेळावं लागतं. म्हणून चार लागतात, निदान तीन. आणि पोरं बारावीची असतील तर फेब्रुवारीत लेखी, त्याआधी प्रॅक्टिकल. बाद फेरी नेमकी त्यात येते. २२ आणि २७ला २१ खालचे घेताना आधी विचारा, कितवीला आहेस? पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा म-११ मला बारावीतल्या म-५पेक्षा जास्त कामाचा वाटतो, खेळ थोडा कमी असला तरी.

नारळीपाक · ८:३०

ब-१४ वर कोणी जीव टाकू नकात. लेफ्टबॅक म्हणान बरो आसा, पण तो दशावतारात काम करता. जत्रांचे दिवस. दहिकालो मध्यान रातीक सुरू, संपता संपता उजाडता. चार वाजता तो झोपलेलो असतलो, नायतर पुढच्या गावच्या वाटेर. घेतलास तर शनवारचो खेळ खंय हा, तां आधी विचारून ठेवा.

मोचेमाड_वारा · ८:५२

हजेरीचा विषय निघालाच आहे तर बोटीवरच्या पोरांचं सांगतो. सगळे 'मच्छीमार' एका रकान्यात टाकू नका.

पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीला परवानगी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. लीग जानेवारीत, म्हणजे त्या खलाशांचं काम संपलेलं असतं, फक्त ते दुसऱ्या बोटीवर लागलेत का ते पाहा. ट्रॉलरवाला तीन-चार दिवस समुद्रात, परतायची वेळ त्याच्या हातात नाही. ब-२ ट्रॉलरवर आहे, हे स्टॉपरच्या चर्चेत कोणीच बोललं नाही. छोट्या होडीतून जाळी टाकणारे पहाटे जाऊन सकाळी परत, चारच्या सामन्याला हमखास. रापणीवाले मासा दिसेल तेव्हा ओढतात, पण तेही बहुतेक सकाळीच आटपतं. आंबेवाले मोहोरावरची फवारणी सकाळी उरकतात, मैदानावर येतात खरे, पण शेवटच्या वीस मिनिटांत पाय उचलत नाहीत.

आणि आंगणेवाडीची जत्रा. तारीख आधी ठरलेली नसते, कौलानंतर जाहीर होते. ती जाहीर झाली की मालवणकडचे सामने पुढे सरकणार, मग ट्रॉलरवाल्यांचं गणित पुन्हा कोलमडेल.

स्टॉपर५ · ९:०५

ब-२ ट्रॉलरवर असेल तर खरा स्टॉपर एकच उरला. मग ६ला ब-९ याबद्दल वाद कशाला?

तांबडीमाती · ९:४०

वाद आहे. नाणेफेकीचं बोलूया, म्हणजे कीपर का महत्त्वाचा ते कळेल.

२०१९पासून नाणेफेक जिंकणारा एकतर किक-ऑफ घेतो किंवा बाजू निवडतो. आपण बाजू निवडणार. चारला सुरुवात, ३५-३५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा. पहिल्या डावात पूर्वेकडे हल्ला केला तर वारा पाठीशी आणि सूर्य समोरच्या कीपरच्या डोळ्यांत.

खवणेकर · ९:५५

पण दुसऱ्या डावात सूर्य अजून खाली येतो ना? पावणेपाच ते सव्वापाच, तेव्हा आपला कीपर पूर्वेच्या गोलात पश्चिमेकडे तोंड करून. वारा पहिल्या डावात घेतलात आणि उन्हाचा वाईट भाग दुसऱ्या डावात आपल्याच माथी.

तांबडीमाती · १०:१२

अगदी. म्हणूनच कीपरवर आलो. जानेवारीत सूर्य थेट पश्चिमेला नसतो, नैर्ऋत्येकडे असतो, मावळतो सव्वासहा-साडेसहाला. पूर्वेच्या गोलातल्या कीपरला तो डाव्या डोळ्याच्या बाजूने लागतो. म्हणजे डावीकडून येणारा उंच कॉर्नर धोक्याचा, उजवीकडचा तितका नाही. कीपरला टोपी चालते, नियमात बसते, पण टोपीच्या कडेमागे चेंडू एक क्षण नाहीसा होतो. टोपी घालून खेळायची सवय असलेला हवा.

आज कोणाला जमलं तर चाचणी साधी आहे. पाच वाजता, पूर्वेच्या गोलात उभं करून डावीकडून दहा आणि उजवीकडून दहा क्रॉस. किती पकडले, किती मुठीने बाहेर काढले, किती सुटले, किती वेळा जागेवरून हललाच नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सुटलेला चेंडू सरावाने सुधारतो, न हललेला पाय नाही सुधारत. आणि हातमोजे आधी ओले करून द्या. लाल धूळ बसली की कोरडा लॅटेक्स पकड घेत नाही, मग पोरगा उगाच वाईट दिसतो.

गोलपोस्ट_मालक · ११:३०

मध्येच मैदानाचं. टँकर मारून माती मऊ होईल असं काहींना वाटतं. ५,००० लिटरचा एक टँकर १०० बाय ६० मीटरच्या मैदानावर चौरस मीटरला लिटरभरही पडत नाही. धूळ बसते, इतकंच. टप्पा कमी करायचा असेल तर चेंडूतली हवा बघा. नियमाने ८.५ ते १५.६ पीएसआय. या मातीवर ९ ठेवा, आणि सामन्याच्या आधी मोजा. उन्हात पडलेल्या चेंडूचा दाब आपोआप वाढतो, दुपारी भरलेला चार वाजता भलताच निघतो.

बुटांबद्दल: लांब स्टड या मातीत रुतत नाहीत, घोट्याला झटका बसतो. बुटक्या रबरी गुठळ्यांचे टर्फचे बूट.

रेडीबंदर · शनिवार, संध्याकाळी ६:२०

रिटेन याद्या लागल्या. सावंतवाडी, देवगड, कणकवली, बांदा, चौघांनीही आपले कीपर राखले. कुडाळने सोडला! तो आता यादीत की-१२. कारण खांदा म्हणतात. शिरोडा आणि मालवण आधीच बिनकीपरचे.

आपण कप्तान, विंगर आणि लेफ्टबॅक राखलेत. स्ट्रायकर यादीत आला, आ-१९.

भरतीओहोटी · ६:४५

आता चित्र स्वच्छ आहे. कीपर हवा असलेले संघ चार: शिरोडा (३, १४, १९), आपण (६, ११), कुडाळ (७, १०), मालवण (८, ९). तांबडीमातीच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर येणारे कीपर तीन: ३, १, ८. की-१२चा खांदा कळेपर्यंत त्याला मोजू नका.

शिरोड्याने ३ नंबरला कीपर घेतला नाही, तर ११ यायच्या आधी कुडाळ आणि मालवण मिळून दोनच उचलतील. तिघांतला एक आपल्याला नक्की. तेव्हा ६ला ब-९, ११ला उरलेला कीपर.

शिरोड्याने ३ला कीपर घेतला, तर तिघांतले दोन उरले, आणि कुडाळ-मालवण ते दोन्ही ११ आधी नेऊ शकतात. तेव्हा ६ला कीपर, ११ला ब-९ असेल तर ब-९, नसेल तर ब-२, ट्रॉलरसकट.

म्हणजे शिरोड्याचं नाव ऐकेपर्यंत ठरवायचंच नाही.

तांबडीमाती · ६:५८

याला माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्या वेळी ६ला की-३च. की-१ची फेक सपाट असली तरी तो डाव्या कॉर्नरला जागेवर राहतो.

खवणेकर · ७:०५

आणि ब-९ पहिल्या पाचांतच गेला तर?

भरतीओहोटी · ७:१०

मग ६ला कीपर. ब-२ ट्रॉलरवर आहे हे बाकीच्यांनाही ठाऊक असेल, म्हणून तो ११ला बहुधा असेलच.

मोचेमाड_वारा · ७:२५

ब-२च्या बोटमालकाशी बोलून ठेवा, खेळाडूशी नव्हे. सुट्टी त्याच्या हातात असते.

दांडेश्वर · ८:००

टेबलावर बसणाऱ्यांसाठी. दोघेच बसा: एक नाव बोलणारा, एक खोडणारा. यादी छापून न्या, फोनवर विसंबू नका, त्या हॉलमध्ये रेंज येत-जात असते. खोडणाऱ्याने प्रत्येक संघासमोर कीपर आला की नाही याची वेगळी खूण ठेवायची, नाहीतर दहाव्या नंबरला कुडाळने काय घेतलं हे आठवण्यातच ९० सेकंद जातात. गेलेलं नाव पुन्हा बोललात तर पाळी फुकट जाते. एकाच आडनावाची पाच पोरं आहेत, म्हणून नाव आणि क्रमांक दोन्ही बोला. प्रत्येक पाळीला तीन नावं तयार, एक नव्हे.

२२ आणि २७ यांच्यामध्येही तेच दोन संघ, कुडाळ आणि मालवण. पुढे ३८-४३, ५४-५९, सगळीकडे तसंच. या दोघांचा तक्ता पूर्ण ठेवा, बाकीच्यांचा वरवर ठेवला तरी चालेल.

खवणेकर · ८:२०

आ-४?

रेडीबंदर · ८:३१

पत्र आलेलं नाही. रात्रीत आलं तर २२ला पहिलं नाव त्याचं, नाहीतर त्याच्यावर काट. आ-१९ला ४३ला घ्यायचा की ५४पर्यंत थांबायचं हे तेव्हाच बघू, पण देवगडला स्ट्रायकर नाही, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

स्टॉपर५ · ९:१५

की-१२चं कोणाला काही कळलं?

नारळीपाक · ९:४८

कुडाळाक इचारलंय. हात वर करून पकडूक काय तरास नाय, फेकताना दुखता. लांब फेक विसरा. की-६च्या वर ठेवा, बाकी तिघांच्या खाली.